सवंगड्याचे वजन

भंगाळेभाऊंनी भिंतीतल्या प्लगात ॲडॉप्टर पुन्हा खोचला, त्याच्याभोवती सुतळीचे दोन वेढे दिले आणि सुतळीचे टोक वरच्या खिळ्याला बांधले.

"आता नाही पडायचा," ते म्हणाले. "पण ताई, खरं सांगू? तुमचा खेळ चांगला आहे, हा ठोकळा मात्र भिंतीत टिकत नाही. एवढा जड कशाला केला?"

"त्यात ट्रान्सफॉर्मर असतो, भाऊ. दोनशे तीस व्होल्टचे नऊ व्होल्ट तिथं होतात."

"होऊ द्या. पण भिंतीत राहून होऊ द्या."

धनत्रयोदशी तीन दिवसांवर आली होती. जळगावच्या त्या दुकानाची डावी बाजू पितळी आणि तांब्याच्या भांड्यांनी भरलेली होती. ती भाऊंच्या वडिलांची. उजवीकडे टीव्ही, मिक्सर, इस्त्र्या, ती भाऊंची. दोन्हींच्या मधोमध एका टेबलावर रंगीत टीव्ही चालू होता आणि त्याच्यासमोर दोन व्हिडिओ गेम शेजारी शेजारी मांडले होते. एक मुंबईहून आलेला 'धडाका'. दुसरा आमचा 'सवंगडी'.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. सी.डी.च्या चकत्यांवर चालणारी महागडी यंत्रे तेव्हा मोठ्या शहरांतल्या मोजक्या घरांत होती. जिल्ह्याच्या गावी व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा प्लॅस्टिकचा डबा, वरून खोचायची कॅसेट आणि वायरीच्या टोकाला रिमोट. माझा भाऊ श्रीरंग गायधनी याने पुण्यातली इंजिनियरची नोकरी सोडून नाशिकच्या अंबड वसाहतीत एक गाळा घेतला होता आणि आठ बायकांना सोल्डरिंग शिकवून तो हे डबे बनवत होता. मी एम.कॉम. करून त्याच्याकडे विक्री पाहत होते. त्या दिवाळीला आमचा जवळजवळ सगळा माल भंगाळेभाऊंच्या गोदामात जाकड पडला होता. जाकड म्हणजे खपला तर त्यांचा, नाही तर परत आमचा. तो परत आला असता तर गाळा बंद होणार होता. दादाच्या जुन्या कंपनीने त्याची जागा अजून भरली नव्हती. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हते.

मला काळजी वाटायचे खरे तर कारण नव्हते. स्पर्धेविषयी मी वर्गात जे शिकले होते त्याप्रमाणे आमची बाजू भक्कम होती. धडाक्याबरोबर एक रिमोट येई, आमच्याबरोबर दोन. त्यांच्याबरोबर पडद्यावर नेम धरायची बंदूक होती, आमच्याबरोबरही होती. त्यांच्या कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचे छापले होते, पण निराळे म्हणावेत असे त्यातले बाराच. बाकी तेच खेळ वेगळ्या पायरीपासून सुरू होत. आमचे सोळा होते आणि सोळाच छापले होते. शिवाय त्यांची किंमत साडेसातशे आणि आमची सहाशे चाळीस. त्या आकड्यापर्यंत उतरण्यासाठी दादाने दोन वर्षे घालवली होती. जुना मोठा बोर्ड काढून सगळे काम एका छोट्या चिपवर आणले होते.

आणि तरीही भाऊंच्या शेल्फवरून धडाके जात होते, आणि सवंगडी जागचे हलत नव्हते.

"ताई," भाऊ गल्ल्यामागे बसत म्हणाले, "स्वस्त आहे ना, तिथंच गोची आहे."

"स्वस्त असणं ही गोची कशी, भाऊ?"

"धनतेरसला माणूस वस्तू घरात आणतो ती मिरवायला. शेजारीण विचारते, केवढ्याला घेतलं? तेव्हा कमी सांगायला जीभ वळत नाही. आणि दुकानात दोन वस्तू शेजारी असल्या की स्वस्तातली आपोआप खोटी ठरते. तुम्ही कितीही गुण गा."

"म्हणजे किंमत वाढवू?"

"वाढवा. धडाक्याच्या वर न्या. संध्याकाळपर्यंत बघू."

दादाला न विचारता हे करणे मला जड गेले. पण विचारले असते तर तो नाही म्हणाला असता, आणि त्याच्या नकारावर वाद घालायला वेळ नव्हता. मी किमतीच्या पुठ्ठ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सातशे नव्वद लिहिले आणि तो डब्याला टेकवून ठेवला. दोन वर्षांचे काम मी एका पुठ्ठ्याने उलटे फिरवले होते, आणि हात पुसून गिऱ्हाइकाची वाट पाहत उभी राहिले.

भाऊंचे खरे ठरेल असे तासाभरातच वाटू लागले. एस.टी.त वाहक असलेले बऱ्हाटे नावाचे गृहस्थ बायको आणि दोन मुलींना घेऊन आले. बाई डावीकडे पातेली पाहू लागल्या. एकेक उचलून, तळहातावर क्षणभर थांबवून खाली ठेवू लागल्या. बऱ्हाटे टेबलापाशी आले. त्यांनी दोन्ही किमती वाचल्या आणि आधी आमच्या डब्याकडे वळले. दोन दिवसांत हे प्रथमच घडत होते.

"हा महाग कशापायी?"

"याला दोन रिमोट आहेत. दोघी एकाच वेळी खेळतील."

"आणि इकडं नऊशे नव्व्याण्णव खेळ, तुमच्याकडं सोळा?"

"त्यातले बाराच निराळे आहेत हो. बाकी तेच ते परत येतात."

"असू द्या ना," बऱ्हाटे म्हणाले. "आमची गाडीही रोज त्याच रस्त्यानं जाते. तिकिटं तर फाटतात."

भाऊ खो खो हसले. मीही हसले आणि दोन्ही रिमोट मुलींच्या हातांत दिले. त्यानंतर मला काही सांगावे लागले नाही. पडद्यावरच्या दोन मोटारींची शर्यत सुरू झाली आणि त्या दोघी अंग वाकडे करकरून ओरडू लागल्या. थोरली धाकटीला कोपराने ढकलत होती. बऱ्हाटे रिमोट मागत होते आणि त्यांना तो कोणी देत नव्हते.

"पप्पा, तुमची पाळी नाही! तुम्ही तिकडं गाडीत घंटी वाजवा!"

"अगं, एकदा तरी!"

धाकटीची मोटार पुढे निघाली, आणि पडदा काळा झाला. सुतळीने ॲडॉप्टर जमिनीवर पडू दिला नव्हता, पण त्याच्या पिना भोकांतून निसटल्या होत्या. तो भिंतीवर आडवा लोंबत होता.

"मी जिंकणार होती!" धाकटी रडवेली झाली.

भाऊ ॲडॉप्टर बसवायला धावले. तेवढ्यात बाई भांडी सोडून तिथे आल्या. त्यांनी टेबलावरचा सवंगडी डाव्या हातात घेतला, धडाका उजव्या हातात, आणि पातेल्यांसारखेच दोन्ही तोलून पाहिले. मग दोन्ही हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिले.

"बाई, हा पोकळ आहे."

"पोकळ नाही हो. आतला बोर्ड नवा आहे, लहान आहे. म्हणून वजन कमी. हलका असणं हा त्याचा गुण आहे."

"गुण असंल." त्यांचा आवाज अजिबात भांडणाचा नव्हता, समजूत घालावी तसा होता. "पण आठशे रुपये मोजले तर हाताले काही लागाले नको?"

"आई, पण याले दोन रिमोट आहेत," थोरली म्हणाली.

"घरात तुम्ही दोघीच आहात, आळीपाळीनं खेळा."

बऱ्हाट्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बायकोच्या हातांकडे पाहिले आणि धडाक्याचे पैसे काढले. जाताना धाकटीच्या हातात आमचा दुसरा रिमोट तसाच होता. आईने तिची बोटे एकेक करून सोडवली आणि तो हळूच टेबलावर ठेवला.

दुकान रिकामे झाल्यावर मी भाऊंकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला.

"काय करताय?"

"एक धडाका माझ्या नावावर मांडा. मला आत बघायचंय."

झाकण निघाले तेव्हा सगळ्यात आधी मला आमचाच बोर्ड दिसला. आमचाच म्हणजे तेवढाच, त्याच चिपचा. डब्याचा साचा, आमच्यासारखाच, जुन्या मोठ्या बोर्डाच्या मापाचा, म्हणजे चौपट मोठा असल्यामुळे तो एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. उरलेल्या रिकाम्या जागेत, दोन स्क्रूंनी आवळलेली एक लोखंडी पट्टी होती. तिला वायर जोडलेली नव्हती. ती कशालाच जोडलेली नव्हती. तिच्या कापलेल्या कडा खरखरीत होत्या आणि एका कोपऱ्यावर गंज धरला होता. मी ती काढताना बोट कापून घेतले.

भाऊंनी पट्टी उचलली, भांड्यांच्या काट्यावर टाकली आणि काट्याकडे पाहत राहिले.

"मुंबईवाला हुशार निघाला," ते शेवटी म्हणाले. "आमच्या बायका हातानं तोलतात हे त्याला तिथं बसून कळलं."

"ही फसवणूक आहे, भाऊ."

"आहे. पण खेळ तर चालतो ना त्याचा? कोणाचं नुकसान झालं सांगा." त्यांनी पट्टी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीही टाका. परवा दुपारपर्यंत वजन आणा, नाही तर टेम्पो बोलावतो. राग मानू नका ताई, दिवाळीत मला गोदामाची जागा अडवून नाही चालणार."

मी टेबलापाशी बसून राहिले. एका हातात आमचा डबा होता, दुसऱ्या हातात सुतळीतून सोडवलेला ॲडॉप्टर. एक इतका हलका की लोक परत ठेवत होते, दुसरा इतका जड की भिंतीतून निसटत होता. आणि मला एकदम दिसले. वजन आमच्याकडे होतेच. ते फक्त चुकीच्या जागी होते. ॲडॉप्टरमधला ट्रान्सफॉर्मर काढून डब्यातल्या रिकाम्या जागेत बसवला की डबा जड होणार होता, आणि भिंतीत नुसती साधी पिन जाणार होती. ना लबाडी, ना वाढीव खर्च. मी जवळजवळ धावतच समोरच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेले.

दादाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. बऱ्हाटेबाईंचे हात, आतला बोर्ड, पट्टी.

"अर्थिंगसाठी असेल," तो म्हणाला.

"कशासाठीच नाही, दादा. नुसतं लोखंड आहे."

फोनमधून गाळ्यातला रेडिओ ऐकू येत होता. मग मी ट्रान्सफॉर्मरची कल्पना सांगितली. इतक्या घाईने सांगितली की शेवटी मला धाप लागली.

"नाही," दादा म्हणाला.

"ऐक तरी पूर्ण!"

"ऐकलं. हे मलाही पहिल्याच वर्षी सुचलं होतं. वैजू, तो डबा मुलं मांडीवर घेऊन बसतात. त्याच्यावर पाणी सांडतात, रिमोटची वायर ओढून तो पाडतात. आज त्यात नऊ व्होल्ट आहेत. तू म्हणतेस तसं केलं तर भिंतीतली सगळी वीज त्यांच्या मांडीवर येईल. म्हणून तर तो ठोकळा मी भिंतीपाशी ठेवला."

"चांगलं इन्सुलेशन करता येईल ना!"

"येईल. दोन दिवसांत नाही, आणि या किमतीत नाही."

"मग काय करायचं ते तरी सांग!" बूथमधल्या माणसाने मान वर करून पाहिले इतका माझा आवाज चढला. "परवा माल परत येतोय. गाळ्यात मंगलताईंना काय सांगणार आहेस? की सोळा खेळ खरे होते, दोन रिमोट खरे होते, सगळं खरं होतं, म्हणून घरी बसा?"

रेडिओ बंद झाल्याचे ऐकू आले.

"पट्टी केवढी आहे?" दादाने विचारले.

"काय?"

"लांबी, रुंदी, जाडी. मोजून सांग."

मला आधी वाटले, तो चिडून बोलतो आहे. भाजीवाल्याने चुकून दिलेले जास्तीचे पैसेही दादा चालत जाऊन परत करत असे.

"दादा, तू लोखंड टाकणार?"

"नुसत्या लोखंडानं कुणाला शॉक बसत नाही," तो म्हणाला.

मी मापे सांगितली. उद्या सकाळी तो पोचेल असे धरून मी गोदामात जागा करून ठेवते म्हणाले, तर म्हणाला, "उद्या नाही. परवा सकाळच्या गाडीनं येतो."

"परवा? अरे, पट्ट्या कापायला कितीसा वेळ लागतो? अंबडमध्ये दहा ठिकाणी लोखंड कापायची कातरी आहे!"

"परवा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मधला तो दिवस कसा गेला ते मला आजही सांगता येत नाही. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी त्या गर्दीत बिनकामाची उभी होते. माणसे आमचा डबा उचलत, खाली ठेवत. मी किमतीचा पुठ्ठा तीनदा बदलला. दर वेळी भाऊ चष्म्यावरून नुसते पाहत. जो दिवस विक्रीचा होता तो दादाने हातचा घालवला होता, आणि का, हे मला कळत नव्हते. त्याचा विचार फिरला असेल, तो उद्या रिकाम्या हातांनी येऊन "नाही जमलं मला" म्हणेल, हे मी मनात इतक्यांदा घडवले की दुपारी मला त्याचा खराच राग येऊ लागला. शेवटी गाळ्यात फोन केला. फोन मंगलताई खैरनारांनी घेतला. आठ जणींत त्या सगळ्यांत जुन्या. त्यांच्या मागे सतत काहीतरी खरखरत होते.

"साहेब शेडमध्ये आहेत, ताई. बोलवू का?"

"काय चाललंय तिथं? पट्ट्या कापून झाल्या?"

"त्या तर कालच झाल्या."

"मग?"

"आता बाई, ते त्यांनाच विचारा. आम्ही सगळ्या त्यालाच बसलोय. माझे तर हात भरून आले." आणि मागे वळून कोणाला तरी म्हणाल्या, "अगं, गोल कर तो कोपरा, गोल!"

मी फोन ठेवला. माझा राग कमी झाला नाही. उलट कशावर रागवायचे तेच समजेनासे झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती आणि नखांत लाल रंग होता. बरोबर मंगलताई आणि दोघी जणी होत्या, हमालाच्या डोक्यावर दोन गोणपाटाची पोती. त्याने मला कसा आहेस, काय आहेस, काही विचारू दिले नाही. टेबलावरचा पुठ्ठा पाहिला मात्र.

"हे सातशे नव्वद कोणी लिहिलं?"

"मी. भाऊंनी सांगितलं होतं."

"सहाशे चाळीस कर."

"अरे, पण आता तर वजन..."

"म्हणूनच. लोखंडाचे पैसे मी नाही घेणार."

भाऊ गल्ल्यामागून उठून आले. "साहेब, आता काही अडचण नाही. नुसतं स्वस्त नव्हतं जात. जड आणि स्वस्त जाईल." आणि तसेच झाले. त्या दुपारपासून धनत्रयोदशीच्या संध्याकाळपर्यंत गोदाम रिकामे होत गेले. गाळा त्यानंतर तीन वर्षे चालला. मग चकत्यांची यंत्रे आपल्याही गावांत उतरली, आणि त्यांच्याशी ना किमतीने लढता येत होते ना वजनाने. दादा पुण्याला परत गेला. मंगलताईंनी सोल्डरिंगच्या जोरावर तोवर दुसरीकडे काम धरले होते. पण हे सगळे पुढचे.

त्या सकाळी आम्ही गोदामात सतरंजी अंथरून बसलो. दादाने पहिल्या पोत्याचे तोंड सोडले आणि पट्ट्या बाहेर काढल्या. मी मुंबईची पट्टी पाहिली होती, त्यामुळे क्षणभर मला त्या ओळखू आल्या नाहीत. प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइडचा हात दिलेला होता. कोपरे गोल होते. दोन स्क्रूंऐवजी चार भोके पाडली होती. मंगलताई डबे उघडू लागल्या, बरोबरच्या दोघींपैकी एक जण पट्ट्या बसवू लागली, दुसरी झाकण लावू लागली. दादा पट्टी आत जाताना पाहत नव्हता. तो फक्त हातात आलेला प्रत्येक स्क्रू पुन्हा एकदा आवळत होता.

भाऊंनी एक पट्टी उचलली, हातावर तोलली, मग उलटसुलट करून पाहिली.

"रंग समजला, गंज नको म्हणून," ते म्हणाले. "पण साहेब, या कडा घासल्यात का हो तुम्ही? कानशीनं?"

"हो."

"सगळ्या?"

"बायकांनीही घासल्या. माझ्या एकट्यानं झालं नसतं."

"एक दिवस घालवलात त्यासाठी?" भाऊंना हसू आवरेना. "अहो, ही आत जाणार. वरून झाकण, चार स्क्रू. हिचा काही उपयोगसुद्धा नाही. हिच्या कडा कोण बघणार?"

"बघायला कोणी नाही," दादा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "पण खेळ बिघडला की मुलं तो उघडतात. मी लहानपणी सगळं उघडायचो."

भाऊ हसायचे थांबले. त्यांनी पट्टी जपून माझ्या हातात दिली आणि दुकानात गिऱ्हाईक आले म्हणून निघून गेले.

माझ्या बोटावर धडाक्याच्या पट्टीने कापलेली खूण अजून ताजी होती. मी आमच्या पट्टीच्या चारही कडांवरून अंगठा फिरवला, मग चारही कोपऱ्यांवरून. कुठेच काही लागले नाही. दादाने हात पुढे केला, मी ती त्याला दिली, आणि त्याने ती डब्यात बसवली.